रागीट सासरे आणि पडणारा ब्रेकर

खिळा मी ठोकला, आणि चुकीच्या जागी ठोकला. वालीवच्या माझ्या कारखान्यात खंडेनवमीच्या पूजेसाठी गणपतीची तसबीर टांगायची होती. भिंत काँक्रीटची, खिळे वाकत होते, आणि शेजारूनच एक लाकडी पट्टी छान सरळ गेलेली दिसली. लाकडाचा धंदा करणाऱ्याला लाकूड म्हणजे हक्काचं वाटतं. मी तिच्यात चांगला लांबलचक खिळा एका दमात आत घातला. त्या पट्टीच्या पोटातून मशीनची वायर जाते, एवढी एक गोष्ट सोडली तर काम अतिशय सुबक झालं होतं. सगळ्यांनी वाखाणलं. माझ्या सासऱ्यांनीसुद्धा वाखाणलं, आणि माझं एखादं काम त्यांनी वाखाणण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

सांगायचं आहे ते या सासऱ्यांविषयी. वसई तालुक्यात रागावण्याजोगं जे जे काही आहे, म्हणजे माणसं, जनावरं, सरकारी खाती, भाज्या आणि ऋतू, त्या प्रत्येकावर माझे सासरे निदान एकदा तरी मनापासून रागावलेले आहेत. इतर लोकांना राग येतो आणि जातो. यांच्याकडे तो मुक्कामालाच होता, कधीतरी पाय मोकळे करायला बाहेर जायचा एवढंच. आगाशीच्या थांब्यावर बस उशिरा आली की ते कंडक्टरला एक अक्षर बोलायचे नाहीत. बसच्या पत्र्यावर थाप मारून बसलाच विचारायचे, "कुठे होतीस?" आणि ती उत्तर देत नाही म्हणून आणखी रागवायचे. रेडिओवरची बाई "तुरळक ठिकाणी सरी" म्हणाली की रेडिओशी नाक नेऊन "गावाचं नाव सांग!" असं ओरडायचे. घरच्या केळ्यांची सुकेळी ते स्वतः उन्हात सुकवायचे, स्वतः वळायचे, ती पाहुण्याने भराभर खाल्ली तर "ही काय चणे-फुटाणे आहेत?" म्हणून राग, आणि पाहुण्याने एकच खाल्लं तर "आमच्या घरचं गोड लागत नाही वाटतं" म्हणून राग. माझ्या लग्नात ते व्हिडिओवाल्याच्या दिव्यावर चिडले. त्यामुळे आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये कन्यादान करताना ते ना मुलीकडे बघताहेत ना माझ्याकडे. थेट कॅमेऱ्यात डोळे वटारून बघताहेत. माझी मुलं लहानपणी ती कॅसेट लागली की त्या ठिकाणी सोफ्यामागे लपायची.

पण हा सगळा राग शिष्टाचाराच्या चौकटीत. जावई म्हणजे मानाचा माणूस, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नाही, कधी उभं ठेवून स्वतः बसले नाहीत. शिवी द्यायची झाली तरी आधी "जावईबापू" म्हणून माझा मान राखायचे आणि मग द्यायचे. "जावईबापू, जरा बाजूला सरता का? तुमचं डोकं उजेडाच्या आड येतंय, आणि त्याचा दुसरा काही उपयोग होताना दिसत नाही." हे ते इतक्या अदबीने म्हणायचे की मी "हो हो, आबा" म्हणत सरकायचो आणि अपमान झाल्याचं मला चहाच्या वेळी कळायचं. खराच राग आला की मात्र ते प्रमाण मराठी सोडून त्यांच्या घरच्या वाडवळी बोलीत शिरत. मी बाहेरचा, लहानाचा मोठा मुंबईत झालेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. बायकोला विचारलं, "काय म्हणाले गं आबा?" तर ती भाजी चिरताचिरता म्हणायची, "काही नाही हो. तब्येत जपा म्हणाले."

या माणसाची आगाशीला वाडी होती. पानवेल, केळी, थोडी फुलझाडं, मध्ये विहीर आणि विहिरीवर पाण्याची मोटर. मोटरचा फ्यूज गेला की आबा त्यात आधीपेक्षा जाड तार घालायचे. तो पुन्हा गेला की त्याहून जाड. असं करत करत त्या फ्यूजमध्ये शेवटी जवळजवळ कपडे वाळत घालायची तार होती. मी एकदा धीर करून म्हटलं, "आबा, अशाने मोटर जळेल." ते म्हणाले, "जळली! दोनदा जळली! पण मला न विचारता बंद पडली नाही." यंत्राकडून त्यांची अपेक्षा ही एवढीच होती.

पुढे आसपास इमारती उठल्या, गावागावांतल्या विहिरींवर टँकर लागले, दिवसरात्र पाणी उपसलं गेलं आणि आबांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. आधी मचूळ, मग चक्क खारट. पानवेल गेली, केळी खुरटली, तग धरून राहिली ती कुंपणाकडची झेंडू-शेवंतीची काही झाडं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही दुःखाचं मूळ आबांच्या मते टँकरमध्ये होतं. दूध नासलं, टँकर. नातवाला गणितात कमी मार्क, टँकर. बोलायला हसू येतं, पण ते रस्त्याच्या कडेला उभे राहून जाणाऱ्या टँकरकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर मी पाहिलेली आहे, आणि त्या वेळी मला हसू आलेलं नाही.

साधारण त्याच सुमारास मी फोर्टातल्या कंपनीच्या स्टोअर डिपार्टमेंटमधली नोकरी स्वेच्छेने सोडली (स्वेच्छा कंपनीची होती) आणि वालीवला एक गाळा घेऊन लाकडी देव्हारे बनवायचा कारखाना काढला. मला लाकडातलं काही कळत नव्हतं आणि मशीनमधलं त्याहून कमी. पण नालासोपाऱ्यापासून वसईपर्यंत नव्या फ्लॅटांत लोक भराभर राहायला येत होते, आणि प्रत्येक फ्लॅटात देवाला भिंतीवरचा एक देव्हारा लागणार, एवढा हिशोब माझ्यासारख्यालाही जमत होता. रंधा मशीन, कटर, खांब वळवायला लेथ आणि पॉलिश मारायला कंप्रेसर, एवढा संसार मांडला. मूळचा जौनपूरचा एक मिस्त्री कामाला ठेवला. आणि बायको म्हणाली, "अहो, आबांना येऊ द्या ना रोज कारखान्यात. वाडीत काही उरलं नाही. घरी बसून भिंतींवर रागावतात. आई कंटाळलीय." मी हो म्हटलं. सकाळी उठून, शर्टाला इस्त्री करून, डबा घेऊन जायला त्यांना एवढी एकच जागा उरली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून पुढे मी जे बोललो त्याची लाज जास्त.

आबा रोज आगाशीहून बस बदलत बदलत यायचे ते केळीच्या पानात बांधलेला हार घेऊन. खंडेनवमीपासून तसबीर माझ्या त्या सुबक खिळ्यावर होती. त्याआधी ती नुसती फळीवर उभी असायची आणि तिला सुटी फुलं मिळायची. खिळा आल्यावर तिला चांगला हातभर लांब हार सुरू झाला. हार वाटेत सुकू नये म्हणून घरून निघतानाच विहिरीच्या पाण्यात बुडवलेला, वरून ओलं फडकं. गाळ्यात आले की आधी मेन स्विच बंद आहे ना, ते बघायचे. चालू असला तर बंद करायचे. त्यांचं म्हणणं, पूजेच्या वेळी यंत्रं घरघरली की देवाला आपलं बोलणं ऐकू जात नाही. मग तो टपटपता हार खिळ्यावर चढायचा, त्याचं टोक खाली कंप्रेसरच्या लोखंडी स्टँडवर टेकायचं, उदबत्ती लागायची, आणि आबा स्वतःच्या हाताने मेन चालू करायचे. मिस्त्री रंधा सुरू करायचा. कधी लगेच, कधी पहिला चहा येईपर्यंत थांबून, भिंतीवरचा ब्रेकर म्हणायचा, खट्! सगळं बंद.

हा ब्रेकर नव्या पद्धतीचा होता. वीज जरा कुठे वाट चुकून जमिनीकडे निघाली की लगेच पडणारा. तुम्हाला एव्हाना सगळं समजलंच असेल. आम्हाला समजायला होळी उजाडली.

कारण दुपारपर्यंत हार सुकायचा आणि ब्रेकर दिवसभर साधूसारखा शांत बसायचा. सकाळची दोन-अडीच तासांची ती मारामारी मात्र रोजची. ब्रेकर वर केला की खट्, वर केला की खट्. अर्धा रंधलेला फळा मशीनमध्ये अडकलेला, मिस्त्री हातावर हात ठेवून बसलेला, दारात गिऱ्हाईक उभं, आणि माझ्या डोक्याची शीर थाडथाड उडतेय. मी नोकरीत असताना साहेबाचा राग आला तर निदान जिन्यात जाऊन दात-ओठ खाता यायचे. इथे साहेबही मीच. मी त्या ब्रेकरला इतक्या शिव्या दिल्या की मिस्त्री मराठी त्यातूनच शिकला.

आबांचा राग माझ्यापेक्षा फार वरच्या दर्जाचा होता. ब्रेकर हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते त्याला "खटका" म्हणायचे, आणि त्याचं पडणं हा त्यांना सरळसरळ उद्धटपणा वाटायचा. "आमच्या वाडीतली मोटर मेली, पण तिने पाठ दाखवली नाही. आणि हा बोटभर खटका! याला विचारलं कुणी?" त्याच्या जागी जाड तार घालायची परवानगी त्यांनी माझ्याकडे रोज मागितली आणि मी रोज नाकारली. माझ्या उभ्या आयुष्यातला तेवढा एक शहाणपणा कृपया नोंदून ठेवा.

मग त्यांनी चोर शोधायला घेतला. त्यांची पद्धत अशी की ब्रेकर पडला त्या क्षणी जे मशीन चालू असेल ते गुन्हेगार. पहिला आरोप रंध्यावर आला. त्याची मोटर उघडून, पुसून, फुंकर मारून पुन्हा बसवली, तेव्हा एक नट जास्त उरला. तो हातात धरून आबा म्हणाले, "बघा, जावईबापू, हा फालतू नट घातला होता कंपनीने. म्हणून पडत होता." दुसऱ्या दिवशी खट्. मग लेथ. मग कटर. मग कंप्रेसर, ज्याचं तोंड त्यांनी पूर्वेकडून उत्तरेकडे वळवलं, कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. मग शेजारच्या गाळ्यातला प्लॅस्टिकच्या बादल्या काढणारा मारवाडी. तो आपली वीज ओढून घेतो असा त्यांना दाट संशय. त्याच्याशी ते असे भांडले की बिचाऱ्याने घाबरून दोन बादल्या भेट पाठवल्या. आबांनी त्या ठेवून घेतल्या आणि मला म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं असल्याशिवाय कोणी बादल्या देतो?"

वायरमन तुळिंजचा. चांगला पोरगा, पण सकाळी त्याचं एका सोसायटीत काम असायचं, त्यामुळे येणार तो दुपारी. तोवर हार कुरकुरीत सुकलेला. तो एकेक मशीन लावायचा, टेस्टर खोचून बघायचा, आणि सगळं सुरळीत चालू असायचं.

"काका, टेन्शन नाय घ्यायचं. काय पण फॉल्ट नाय."

"फॉल्ट नाही? मग सकाळी काय मी तोंडाने खट् खट् करतो?" आबा.

"लोड येत असेल सकाळी."

"कुणावर? माझ्यावर येतोय तो! हा खटका तुला घाबरतो. तू आलास की शहाण्यासारखा वागतो. जावईबापू, याला एक रात्र इथे बांधून ठेवा."

"काका, माझं लग्न ठरलंय."

"मग ती तरी तुला सकाळी उठवेल!"

हे असं हिवाळाभर चाललं. शेवटी होळीच्या आधी एकदा आबांनी पण केला की वायरमनला सकाळी आणायचाच. ते आगाशीहून थेट तुळिंजला त्याच्या घरी गेले आणि त्याच्या दारात उभं राहून इतका आरडाओरडा केला की तो दात घासता घासता स्कूटरला किक मारून निघाला. आबा मागून रिक्षाने येणार होते. वायरमन आला, आम्ही मेन चालू केला, चारही मशीनं एकदम सोडली. ब्रेकर जागचा हलला नाही. त्याने चहा घेतला, पुन्हा तपासलं, तरी काही नाही. "बघितलं?" म्हणाला आणि गेला. त्याची स्कूटर वळणावर दिसेनाशी होते न होते तोच आबांची रिक्षा आली. हार घेऊन उतरले, मेन बंद केला, हार घातला, उदबत्ती लावली, मेन चालू केला. मिस्त्रीने रंध्याला हात लावला आणि खट्!

त्या क्षणी माझ्या बुद्धीने भरारी घेतली. देवाशपथ सांगतो, तिने भरारी घेतली नसती तर बरं झालं असतं. कितीतरी महिन्यांचा चिकटून राहिलेला संताप, अडकलेले देव्हारे, त्या दिवशीची गिऱ्हाइकाची बोलणी, सगळं एकदम तोंडाशी आलं. मी ओरडलो, "आबा, एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या? तुम्ही नव्हतात तोवर सगळं चालू होतं. तुम्ही पाय ठेवलात आणि गेलं! शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा गाळा उघडून मी एकटा काम करतो, तेव्हाही जात नाही. तुम्ही आलात की जातं. तुमचा पायगुणच तसा आहे!"

पायगुण हा शब्द आपल्याकडे नव्या सुनेला टोचून बोलायला राखून ठेवलेला आहे. तो सासऱ्यावर चालवणारा महाराष्ट्रातला मी बहुधा पहिलाच.

मी आता वाडवळीतल्या स्फोटाची वाट बघत होतो. मिस्त्रीसुद्धा एक पाऊल मागे सरला. पण आबांनी ते ओलं फडकं पिळलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. "बरं," म्हणाले, आणि डबा उचलून बाहेर पडले. "जावईबापू" म्हणाले नाहीत.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको दारातच उभी. "काय बोललात तुम्ही आबांना?"

"काही नाही. का?"

"आईचा फोन आला होता. ते आल्यापासून कोणावरच रागावले नाहीत. बस उशिरा आली तरी गप्प. आमटी खारट झाली तर म्हणाले, चालेल. आई घाबरलीय हो! डॉक्टरला बोलवू का विचारत होती."

मी सगळं सांगितलं. तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "पाणी गेलं, वाडी गेली. तुमच्या त्या मशीनवर ओरडायला जात होते तेवढं होतं. तेही तुम्ही काढून घेतलंत." आणि त्यानंतर आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता.

आबा यायचे बंद झाले आणि ब्रेकर पडायचा बंद झाला. माझं म्हणणं असं शंभर टक्के सिद्ध झालं. तसबिरीवर तो शेवटचा हार वाळून पापडासारखा लोंबत होता. आबांशिवाय देवाच्या हाराला हात लावायची कारखान्यात कुणाला मुभा नव्हती आणि आता हिंमतही नव्हती. मशीनं सकाळपासून नुसती गुणगुणत होती, देव्हाऱ्यांवर देव्हारे तयार होत होते, आणि मला प्रत्येक देव्हाऱ्याचा राग येत होता. इतकं सुरळीत चाललेलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि इतकं भिकारही. मिस्त्रीने चहा पिताना एकदा विचारलं, "सेठ, आबा कब आएंगे? मशीन चलती है, मन नहीं लगता."

मग एका सुट्टीला बायको आगाशीला जाऊन आली. येताना हातात केळीच्या पानाचं पुडकं. "आबांनी दिलाय हार. तुमच्यासाठी नाही, देवासाठी. तुम्ही विसराल म्हणाले."

सकाळी मी तो पाण्याने निथळणारा हार घेऊन गाळ्यात गेलो. मिस्त्री माझ्या आधी आलेला, मेन चालू, रंधा धडधडतोय. पूजेला मेन बंद करायची पद्धत मला ठाऊक होती, पण आबा नसताना आबांचे नियम कोण पाळतो? स्टुलावर चढलो, जुना हार काढला, ओला हार दोन्ही हातांनी खिळ्यावर चढवला आणि बोट खिळ्याला लागलं.

पुढचं मला मिस्त्रीकडून कळलं. मी कुणीतरी ढकलावं तसा मागे उडालो आणि भुशाच्या ढिगावर बसलो. ढीग मोठा होता म्हणून कंबर वाचली. हात खांद्यापर्यंत झिणझिणत होता, गळ्यात हार माझ्याच पडला होता, आणि भिंतीवरून ओळखीचा आवाज आला होता. खट्! रंधा गप्प झाला. त्या शांततेत मिस्त्री ब्रेकरकडे बघत, माझ्याकडे बघत, फार हळू म्हणाला, "सेठ, आज तो आबा नहीं हैं."

आम्ही पट्टी उकलली. आत माझा खिळा वायरचं कातडं सोलून तांब्याला टेकून बसला होता. हार सुका असला तर विजेला कुठे जाता येत नव्हतं. ओला असला की हाराच्या दोऱ्यावरून खाली कंप्रेसरच्या स्टँडपर्यंत तिला पायवाट. इतके महिने आमचे आबा रोज सकाळी भक्तिभावाने ती पायवाट स्वतःच्या हाताने घालत होते, आणि ती बांधायला खुंटी मी मारून दिली होती.

मी तसाच आगाशी गाठली. आबा अंगणात सुकेळी उलटीपालटी करत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. पाणी आलं. हे आदरातिथ्य फार भयंकर होतं. मी खिळा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"कोणी ठोकला?" त्यांनी विचारलं.

"मीच. खंडेनवमीला."

"वायरीच्या पट्टीत?"

"मला ती नुसती लाकडाची पट्टी वाटली."

"नुसती लाकडाची पट्टी." त्यांनी खिळा उचलून उन्हात फिरवून पाहिला. "भिंतीवर, छतापासून मशीनपर्यंत, शोभेसाठी कोणीतरी नुसती लाकडाची पट्टी लावून ठेवली असेल, असं तुम्हाला वाटलं."

"हो. आणि आबा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"ते जाऊ द्या. जावई बोलतो ते सासऱ्याने मनावर घ्यायचं नसतं." त्यांनी खिळा खाली ठेवला. "पण वीज हारावरून जाईल कशी? फुलं ती. साधं पाणी ते."

"साधं नाही ना आबा. येताना वाटेत वायरमनला विचारलं मी. खारट पाण्यातून वीज जास्त जाते म्हणाला. तुमच्या विहिरीचं पाणी आता..."

मी वाक्य पुरं करायच्या आत आबा उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले, मिशी थरथरली, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही तेज चढलं की आतून सासूबाई धावत बाहेर आल्या. "म्हणजे टँकर!" आबा गरजले. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो? टँकरवाल्यांनी पाडला खटका! त्या मेल्यांनी विहीर खारवली, म्हणून हार खारा, म्हणून..." आणि ते वाडवळीत शिरले. चांगला पाव तास तो धबधबा कोसळत होता. त्यातला अर्धा टँकरवर आणि अर्धा माझ्यावर होता, एवढं हातवाऱ्यांवरून कळत होतं. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून पदराने डोळे पुसत होत्या. मी घाबरून विचारलं, "काय म्हणताहेत?" त्या म्हणाल्या, "काय म्हणायचं ते म्हणू देत. बरे झाले एकदाचे."

धबधबा संपल्यावर आबा आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"चला."

"कुठे?"

"कारखान्यात. ती पट्टी उकललीत, ती पुन्हा तुम्हीच बसवली असेल ना, जावईबापू? मग बघायलाच पाहिजे."

ते परत येऊ लागले. देवाला आमच्याच कारखान्यातला एक देव्हारा मिळाला, दूरच्या कोपऱ्यात, लोखंडापासून आणि माझ्यापासून लांब. ब्रेकर त्यानंतर क्वचितच पडला. पण आबांना कारणांची टंचाई नव्हती; पॉलिश, भुसा, मिस्त्रीचा मोबाइल, विजेचं भारनियमन. कारखान्यात पुन्हा सकाळी सकाळी कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय, हे ऐकलं की मला माझं नीट चाललंय असं वाटायचं.

हल्ली त्यांचे गुडघे गेलेत. बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी मी आगाशीला जातो. ते ओसरीवर बसलेले असतात, राग अंगात असतो, पण तो ठेवायला जवळ काही नसतं. वाडी बिल्डरकडे, रेडिओ नातवाने माळ्यावर टाकलेला, बस आता वेळेवर येते. म्हणून मी जाताना एखादा बिघाड घेऊन जातो. खरा नसला तर रचून नेतो. कंप्रेसरला धाप लागते म्हणतो, कटर जळका वास देतो म्हणतो. आबा गुडघा विसरून ताठ होतात, तासभर मला, मिस्त्रीला आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीला फैलावर घेतात, आणि जेवताना त्यांच्या पानातली एक भाकरी जास्त जाते.

परवाच्या शुक्रवारी काही सुचेना. मी आपलं म्हटलं, "आबा, लेथची मोटर जरा ठिणग्या टाकते हो. आतले कार्बनचे ठोकळे झिजले असावेत."

आबा ताठ झाले नाहीत. समोर रस्त्यावरून एक टँकर गेला तरी त्यांनी मान वळवली नाही. मग बशीतलं एक सुकेळं माझ्यापुढे सरकवलं.

"जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "त्या मोटरीत कार्बन नसतोच. तुम्ही बिघाड रचून आणता, हे मला पहिल्या शुक्रवारपासून माहीत आहे. आणत जा, माझी काही हरकत नाही. पण ज्याला मशीन कळत नाही त्याने मशीनबद्दल खोटं तरी कुणाला तरी विचारून बोलावं."